लग्न लागेपर्यंत उठायचं नाही

माझं लग्न एका इंग्रजी पिक्चरवर अडलं होतं, आणि तो पिक्चर चांगला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. चार मित्र असतात. त्यातल्या एकाचं दुसऱ्या दिवशी लग्न असतं, म्हणून बाकीचे तिघं त्याला शेवटची मोकळीक म्हणून समुद्राकाठी नेतात आणि सगळे दारू पितात. उरलेले दोन तास त्या दारूचे परिणाम. मधूनमधून कोणीतरी कपडे काढतं. याला तिकडे बॅचलर पार्टी म्हणतात. आमच्या गावाला हा प्रकार नवीन नाही. पस्तिशी आली तरी लग्न न झालेले आम्ही सहा-सात जण पानठेल्यावर रोज संध्याकाळी बसायचो. आमची पार्टी दहा-बारा वर्षं सलग चालू होती. दारू नव्हती, सुपारी-तंबाखूचा खर्रा होता.

आमचं गाव एकोडीच्या पुढं. धानाची तीन एकर जमीन, आणि सकाळपासून दुपारपर्यंत मी राइस मिलमध्ये मशीनवर. बायोडाटावर मी ‘शेती व नोकरी’ असं लिहायचो. पोरीकडचे लोक ‘व’च्या अलीकडचं वाचायचे आणि पुढं फोन उचलायचे नाहीत. सुरुवातीला वाईट वाटायचं. मग सवय झाली, आणि सवय झाली याचंच वाईट वाटायला लागलं.

तेवढ्यात अड्याळकडचं एक स्थळ आलं. पोरगी एकतीस वर्षांची, दवाखान्यात नर्स, आणि तिचं एकदा लग्न होऊन मोडलेलं. चौदा महिन्यांत माहेरी परत आली, पुढं रीतसर फारकत झाली. का झाली ते कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे जो तो सांगत होता. कोणी म्हणे फटकळ आहे, कोणी म्हणे नोकरीचा माज आहे. मध्यस्थ म्हणाला, ‘पोरगी सोन्यासारखी हाय. फक्त बोलते.’

पाहायला गेलो. पोह्याची बशी हातात देताना तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. आजवर ज्या पोरी पाहिल्या त्या खाली पाहायच्या, आणि समोरचा खाली पाहत असला की आपण बरे दिसतो असा आपला समज होतो. ही सरळ पाहत होती. मला उगाच शर्टाची कॉलर नीट करावीशी वाटली. ती मला आवडली. पोहे खायच्या आधीच आवडली, पोहे त्या मानानं साधारण होते.

मग मोठ्या माणसांनी ‘पोरापोरीला बोलू द्या दोन शब्द’ म्हणून आम्हाला गच्चीवर पाठवलं. तिथं पापड वाळत होते. पापडांच्या अलीकडे मी, पलीकडे ती.

‘तुम्ही पिच्चर पाहता का?’ तिनं विचारलं.

‘पाहतो न,’ मी म्हणालो. दुसऱ्या पोरी पगार विचारतात, संडास घरात आहे का बाहेर आहे ते विचारतात. या प्रश्नाची माझी तयारी नव्हती.

तिनं एका पिक्चरचं नाव सांगितलं आणि ते मला दोनदा म्हणायला लावलं. ‘हिंदीतही हाय तो. पाहून घ्या. आवडला का नाही आवडला, ते मले नका सांगू. कुठी कुठी हसले, तेवढं सांगा. पन खरं सांगा.’

‘आणि मग?’

‘मग मी काय म्हणायचं ते म्हणीन.’

खाली आलो तर मध्यस्थ कानाशी लागला. माझ्याआधी दोघांना तिनं हेच विचारलं होतं. एकजण म्हणाला, मी असले घाण पिक्चर पाहत नाही. दुसरा म्हणाला, मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हसलो. दोघांनाही नकार. मध्यस्थाचं म्हणणं असं पडलं की खरं उत्तर या दोघांच्या मधे कुठंतरी असणार, आणि ते शोधून काढायची अक्कल माझ्यात असेल तर बरं.

ती अक्कल मी पानठेल्यावर शोधली. तिथं माझा एक मित्र आहे, लग्नाची शूटिंग करतो. पंचक्रोशीतल्या सगळ्या नवरा-नवरींना मान जरा वर, जरा डावीकडे करायला यानं सांगितलेलं आहे, आणि स्वतः अजून मोकळाच. तो म्हणाला, ‘चार जागी हस. चारच्या वर गेला त लफंगा, चारच्या खाली आला त म्हातारा.’

‘आणि त्या चार जागा कोणत्या?’

‘ते पिच्चर पाहून ठरवू न बे.’

पिक्चर त्याच्याच पेनड्राइव्हमधे निघाला. त्यानं तो तीनदा पाहिला होता, पण कुठं हसलो ते काही केल्या आठवेना. म्हणाला, सवयीनं हसतो.

रविवारी दुपारी आमच्या घरी पाहायचं ठरलं. बाबा लाखोरीचं पीक कापायला शेतात गेलेले, ते दिवे लागायच्या आत येत नाहीत. आई बाजूच्या घरी. मी आणि शूटिंगवाला, दोघंच. पिक्चर सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, तिघं मित्र मिळून झोपलेल्या नवरदेवाची एक भुवई वस्तऱ्यानं काढत होते, आणि दारात बाबा उभे. विळ्याची मूठ निघाली म्हणून परत आले होते. मागोमाग आई, हातात सूप.

‘काय पाहून राहिले?’ बाबांनी विचारलं.

बंद करायला रिमोट शोधला, तो शूटिंगवाल्याच्या बुडाखाली. घाबरून मी म्हणालो, ‘लग्नाचं हाय.’

खोटं नव्हतं. पण त्या एका शब्दानं घात केला. बाबांनी पाय धुतले, डोक्याचा दुपट्टा काढून खांद्यावर टाकला आणि खाटेवर बसले. आई भिंतीला टेकून तांदूळ निवडायला बसली. आता या बसण्याबद्दल सांगायला पाहिजे. लग्नाला गेलं की अक्षता पडेपर्यंत उठायचं नाही, हा बाबांचा कायदा. तो सगळ्यांचाच आहे म्हणा, पण बाकीचे मधेच पान खायला जातात, आहेर देऊन सटकतात. बाबा नाही. एका लग्नात वरात पारावर नाचत राहिली, बारा वाजताचा मुहूर्त दिवेलागणीला लागला, आणि बाबा दुपारपासून उपाशीपोटी मांडवात बसून. आईनं डोळ्यांनी खुणावलं तर म्हणाले, ‘नवरीले सोडून कसं जाचं? तिनं बोलावलं हाय.’

तेव्हा टीव्हीवर नवरदेव दिसला आणि बाबांनी मांडी घातली, त्याच क्षणी मला कळलं की हा माणूस आता लग्न लागेपर्यंत हलत नाही. मधे काय काय येणार होतं ते शूटिंगवाल्याला माहीत होतं. त्याच्या तोंडाचा रंग गेला.

बाबांचा पहिला आक्षेप दारूला नव्हता. ‘याले हळद लागली का नाई?’

‘त्यांच्यात हळद नसते, काका,’ शूटिंगवाला म्हणाला.

‘बरं, नसन. पन उद्या लगन हाय न? मंग नवरदेवाले शिवेबाहेर नेलाच काहून? हातात कट्यार नाई, काई नाई. संगं पाठराखा कोन हाय त्याच्या?’

आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, तिच्या टोकाला लिंबू. लग्न लागेपर्यंत ती खाली ठेवायची नाही, गावाची शीव ओलांडायची नाही, आणि एक माणूस सतत सोबत. संडासला गेला तरी हा बाहेर उभा. बाबा तरुणपणी चार-पाच नवरदेवांचे असे राखणदार होते. त्यामुळे पडद्यावरच्या त्या तीन मित्रांकडे ते प्रेक्षक म्हणून पाहतच नव्हते. त्या खात्यात काम केलेला माणूस पाहतो तसं पाहत होते.

मग नवरदेवाला बेशुद्धावस्थेत गादीत गुंडाळलं, गंमत म्हणून फर्निचरच्या गाडीत टाकलं, आणि गाडी निघून गेली. शूटिंगवाला हसला. मीही हसलो. बाबा म्हणाले, ‘घ्या. हरवला न?’

पुढच्या शहरात एका मोठ्या दुकानात, विकायला मांडलेल्या पलंगावर, तो नवरदेव जागा होतो. अंगावर एक धागा नाही. तसाच उठतो आणि गिऱ्हाइकांमधून पळतो. मी जमिनीकडे पाहत होतो. आपल्या आईसोबत नागडा माणूस पाहायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. आईनं पदर घेतला नाही, उठली नाही, सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, ‘थंडी नाई वाजत का त्याले? कोनी चादर तरी टाका म्हना.’

‘नाटकात याच्यापरीस जास्त असते,’ बाबा म्हणाले. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, त्या दिवसांत ते एकही नाटक सोडत नाहीत, त्यामुळे या विषयात त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा. ‘पन मले एक सांग, सकाळपासून हे लोक जेवले नाईत. आता अंगात ताकद कुठून येईन?’

खरंच, पूर्ण पिक्चरमधे कोणी जेवत नाही. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग ती फोनची जागा आली. नवरी तिकडे घरी, नवरदेवाला फोन लावते. फोन नवरदेवाजवळ नाही, मित्रांजवळ. त्यातला जो जाडा आहे तो नवरदेवाचा आवाज काढून बोलतो. काहीबाही बोलतो, अश्लील. तिला वाटतं, हाच. ती विचारते, तू बरा आहेस ना, उद्या येशील ना? बाकीचे दोघं तोंडात उशा कोंबून हसतात. ती बोलत असतानाच जाडा तो फोन बर्फाच्या बादलीत बुडवतो, आणि पाण्यातून तिचा बुडबुड बुडबुड आवाज येत राहतो.

मी हसलो. खोटं कशाला बोलू, पोट धरून हसलो. डोळ्यांतून पाणी आलं. शूटिंगवाल्यानं माझ्या मांडीवर थाप मारली, मी त्याच्या पाठीवर मारली, आणि त्या बुडबुड आवाजाची नक्कल करून मी पुन्हा हसलो.

बाबा हसले नव्हते. आमचं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, ‘त्या पोरीचं काय?’

‘कोणत्या पोरीचं?’

‘नवरीचं. तिले मालूम हाय का, का तो जित्ता हाय का मेला?’

‘बाबा, हा हसायचा पिच्चर हाय.’

‘हसा न मंग. मी कोनाले अडवलं?’

मला राग आला. एवढ्या चांगल्या हसण्याची माती केली म्हणून आला. त्यानंतर शहामृगं आली, पोलीस आले, नवरदेव कचऱ्याच्या गाडीत बसून मांडवात आला. नवरी रडली, मग हसली, मग लग्न लागलं. बाबांनी हात लांब करून आईच्या सुपातले तांदूळ चिमटीत घेतले आणि टीव्हीवर टाकले. मग उठले, घटाघटा पाणी प्यायले, आणि विळ्याची मूठ बसवायला सुताराकडे गेले.

संध्याकाळी तिचा फोन आला. शूटिंगवाल्यासोबत चार जागा ठरलेल्या होत्या: भुवई, गादी, पलंग, शहामृग. त्या मी सांगितल्या. ती हं, हं करत गेली. मग म्हणाली, ‘आणि फोनच्या इथं?’

चार जागांमधे फोन नव्हता. पाचवी मान्य केली तर लफंगा. आणि तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की एवढं तर मठ्ठ माणसालाही समजावं: बाकी सगळं वरवरचं, विचारायचं होतं ते हेच.

‘तिथं नाही हसलो,’ मी म्हणालो. तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण माणसाला एकदा वाट सापडली की तो पळत सुटतो. ‘माझ्या मनात आलं, त्या पोरीचं काय? तिले मालूम हाय का, का तो जित्ता हाय का मेला?’

 

‘माझ्या घरचे येतील बोलणी करायले,’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला होता.

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो. होकार आला होता. एवढ्या वर्षांनी आला होता. शूटिंगवाल्याला सांगितलं तर त्यानं मला उचलून एक गिरकी मारली. आईनं देवापुढं साखर ठेवली. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या आत एक खडा लागत होता. ज्या माणसाला तिनं हो म्हटलं होतं तो माणूस आमच्याच घरात राहत होता, पण तो मी नव्हतो. तो सत्तरीचा होता आणि त्याचं लग्न आधीच झालेलं होतं.

आता साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची तारीख जवळ येत चालली आणि इकडे बाबांनी तो पिक्चर गावाला सांगायचा सपाटा लावला. तलावाच्या पाळीवर, सोसायटीत, केशकर्तनालयात. पिक्चर म्हणून नाही, स्वतः जाऊन आलेल्या लग्नासारखा. ‘बडे लोक होते बाप्पा, पन जेवनाची सोय नाई.’ आणि फोनची जागा आली की न चुकता, ‘आमचा हा हसून हसून खाटेखाली गेला. मी म्हटलं, बेशरमा, त्या पोरीचं काय?’ मी खाटेखाली गेलो नव्हतो. पण बाकी शब्द न् शब्द खरा.

साक्षगंधाला पन्नास माणसं असणार आणि बाबा तोंड उघडणार. आदल्या दिवशी मी त्यांना गोठ्यात गाठलं आणि म्हणालो, उद्या तिथं पिक्चरचं काही काढू नका.

‘काहून?’

सांगावं लागलं. तुमचं वाक्य मी माझं म्हणून खपवलं, हे बापाला सांगताना कसं वाटतं ते मी लिहू शकत नाही. बाबा बैलाच्या पाठीवर हात फिरवत ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘वाक्य घेतलं त घे. वाक्याचं काय हाय! पन तू हसला, हे नाई सांगतलं?’

‘नाही.’

‘तिले तेच विचाराचं होतं न?’

मी गव्हाणीतला चारा सारखा करायला लागलो. बाबा म्हणाले, ‘बरं. नाई काढत.’

दुसऱ्या दिवशी गाडी करून आम्ही गेलो. अंगणात मांडव, खाली दरी, म्हणजे सतरंजी अंथरलेली, एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं. बाबा माझ्या शेजारी बसले आणि गप्प राहिले. नुसते पिक्चरबद्दल नाही. धान कसं झालं म्हणून विचारलं, ‘बरं झालं’. पाऊस? ‘होता.’ एरवी हा माणूस बसस्टॉपवर अनोळखी लोकांना तिसऱ्या पिढीपर्यंतची नाती विचारतो. आई दोनदा माझ्याकडे पाहून गेली. तिला वाटलं तब्येत बरी नाही. बाबांची तब्येत ठणठणीत होती. एक गोष्ट चुकून निघू नये म्हणून त्यांनी सगळंच बंद करून ठेवलं होतं, आणि हे मी केलं होतं.

ओटी झाली, साखर झाली. ती पाया पडायला आली. बाबांच्या पाया पडून उठली आणि तिथंच बसली. हसून म्हणाली, ‘काकाजी, यायनं तो पिच्चर घरच्याच टीव्हीवर पाहिला म्हणे. तुम्हीबी पाहिला का?’

प्रश्न सहज होता. तिला काही माहीत नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दरीकडे पाहिलं.

‘नाई बाई,’ ते म्हणाले. ‘मी वावरात होतो.’

आमच्या भागात शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून भांडण झालं की दोन्हीकडचे लोक बाबांना साक्षीला नेतात. ज्याच्या विरुद्ध साक्ष जाते तोही पुढच्या वेळी यांनाच बोलावतो. तो माणूस माझ्यासाठी पन्नास माणसांत खोटं बोलला, आणि बोलून झाल्यावर त्याला हात कुठं ठेवावे ते कळेना. दुपट्ट्याचं टोक धरून बसला. लग्न गेलं चुलीत, असं मला वाटलं.

‘पाहिला,’ मी म्हणालो. जरा मोठ्यानंच निघालं. ‘बाबांनी पाहिला. पूर्ण पाहिला. त्या पोरीचं काय, हे बाबांनीच विचारलं होतं. मी हसलो.’

कोणत्या पोरीचं, हे तिथं कोणालाच समजलं नाही. तिच्या काकूनं माझ्याकडे असं पाहिलं की याला चक्कर आली की काय.

ती मात्र समजली. ‘किती हसले?’ तिनं विचारलं.

‘लय. डोळ्यातून पाणी आलं. मग त्या आवाजाची नक्कल केली.’

‘नक्कलबी केली?’

‘हो.’

यापेक्षा जास्त खरं माझ्याजवळ नव्हतं. ती उठून जाईल म्हणून मी वाट पाहत होतो. पान वाटायचं थांबलं होतं. मध्यस्थानं डोळे मिटले होते. ती उठली नाही. माझ्यावरची नजर काढून तिनं बाबांकडे वळवली आणि म्हणाली, ‘मग सांगा न काकाजी. कसा होता?’

बाबांनी आता माझ्याकडे पाहिलं. ‘सांगू का?’

‘सांगा,’ मी म्हणालो.

पहिल्यांदा अडखळले, मग लागले. भुवई सांगितली, कट्यार नव्हती हे सांगितलं, गादी सांगितली. लोक सरकून जवळ आले. पलंगाच्या जागेला त्यांनी बायांकडे पाहून ‘कपडे जरा कमी होते’ एवढंच सांगितलं, तरी सगळ्या बाया हसल्या. कोणी जेवत नव्हतं हे सांगितल्यावर म्हाताऱ्या माणसांनी माना हलवल्या. मग फोनची जागा आली. मी खाली मान घातली. बाबा म्हणाले, ‘मंग ते मोठे मोठे पक्षी आले, शहामृग का काय…’

‘फोनचं राहिलं, मामाजी.’

सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. काकाजीचे मामाजी कधी झाले हे आमच्या बाजूच्या सगळ्यांच्या लक्षात आलं. आईनं तोंडाला पदर लावला. बाबांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. ते म्हणाले, ‘ते मले सांगता येत नाई, बाई. तूच सांग.’

आणि तिनं सांगितलं. पिक्चरमधलं नाही.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी तिच्या पहिल्या नवऱ्याला त्याच्या दोस्तांनी उचलून नेलं. असाच पिक्चर पाहिला होता त्यांनी, म्हणाले, आपणही करू. तिनं फोन लावला तर दुसऱ्याच कोणीतरी त्याचा आवाज काढला आणि नको नको ते बोलला. मागून हसण्याचे आवाज. तिला आवाज ओळखू आला नाही, दोन महिन्यांची ओळख, कसा येणार? मग तिकडून फोन कुठंतरी ठेवून दिला, बंद न करता. खरखर ऐकू येत राहिली. ‘मी कापला नाही,’ ती म्हणाली. ‘मले वाटलं, आता येईन तो फोनवर. आता येईन. हळदीच्या हातानं धरून बसली होती.’

‘कितीक वेळ?’ बाबांनी विचारलं.

‘उजाडलं.’

दुसऱ्या दिवशी मांडवात ती गंमत त्या दोस्तांनी सगळ्यांना सांगितली, आणि सगळे हसले. नवराही हसला. पुढं चौदा महिने, पाहुणे आले की तो ती गोष्ट सांगायचा आणि तिला चहा घेऊन यायला सांगायचा.

तिचे वडील दरीच्या कडेला बसले होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. ‘हे तू आम्हाले काहून नाई सांगतलं, बाई?’

‘तुम्ही विचारलंच नाही, बाबा,’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही. ‘परत सासरी कधी जातं, एवढंच विचारलं सगळ्यायनं.’

मग तिनं डोळे पुसले, पानाचं ताट बाबांच्या पुढं सरकवलं आणि लग्नाची तारीख काढा म्हणाली. माझ्याकडे पाहिलंही नाही. तारीख कोणती काढावी यावर मोठ्या माणसांत अर्धा तास चर्चा झाली, तिनं दोनदा दुरुस्ती केली. माझं मत कोणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.